हिरवा दगड आणि चिंचेचं पाणी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय तांब्याच्या हिरव्या दगडाबद्दल, म्हणजे मॅलाकाइट. शोकेसमध्ये ठेवायला लोक हे जमवतात, मीपण जमवतोय, घरात याला दगडांचं खूळ म्हणतात, म्हणू देत. आपल्या बेळगावात हा मिळायचा नाही, इथं जांभा नाहीतर काळा कातळ, तिकडं गोकाकला वालुकाश्म. तांब्याच्या खाणी म्हणजे राजस्थानात खेत्री, मध्य प्रदेशात मलाजखंड. पण देखणा म्हणाल तर काँगोचा, गडद-फिकट पट्ट्यांचा.

माझ्याकडं तसला एक होता, द्राक्षाच्या घडासारखा गोळ्यागोळ्यांचा, वरून मखमलीसारखी चमक. गणपतीच्या आधी निपाणीची आत्या आली, आणि आत्या घरात आली की पहिलं काम देवाची भांडी. ताम्हण, पळी, तांब्या, सगळं चिंच-मीठ लावून लखलखीत. मी शेखी मिरवत दगड दाखवला, म्हटलं आत्या, हे पण तांबंच बघ. झालं की! संध्याकाळी ऑफिसातनं येतोय तर दगड शोकेसमध्ये नाही, मोरीत, चिंचेच्या पाण्याच्या पातेल्यात बुडवलेला, वर बारीक बुडबुडे आणि पाण्याला हिरवट रंग. मी ओरडलो तर आत्या म्हणती, "अरे केवढं हिरवं चढलं होतं त्याच्यावर, मी म्हटलं आत तांबडं निघेल, सकाळपासनं भिजवलाय, निघतच नाही बघ!" आता तिला काय बोलणार, पावसाळ्यात तांब्यावर हिरवं चढतं ते आणि हे तसं एकाच गोतातलं, तिचा हिशोब चुकला असं म्हणायची पण सोय नाही. फक्त या दगडात खालपर्यंत हिरवंच. चमक गेली ती गेली. आत्या अजून फोनवर विचारती, "निघालं काय रे ते?"

तर आंबट लावायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही. हा कार्बोनेट आहे, आंबटानं विरघळतो. मऊ ब्रशनं धूळ झटका, बास.

भांड्यावरनं आठवलं, हल्ली जो तो तांब्याची बाटली घेऊन हिंडतोय, आणि त्यातच लिंबूसरबत भरतोय! बिनकल्हईच्या भांड्यात कळकलेलं ताक ज्यानं एकदा प्यालंय तो असलं करणार नाही. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, आता कुठं दिसतोय. असो.

विकत घेताना हातात घ्या, खरा दगड गार लागतो आणि आकाराच्या मानानं जड, प्लॅस्टिकचा हलका. हा काचेपेक्षा मऊ असतो, चरे पडतात, म्हणून गारगोटीशेजारी ठेवू नका. घरी कापत घासत बसू नका, त्याची धूळ छातीला वाईट. आणि कुठला दगड, कुठल्या खाणीचा, ती चिठ्ठी खाली चिकटवा, चिठ्ठी हरवली की निम्मी किंमत गेली. आणि परत सांगतो, आंबट लावायचं नाही. घरात पाहुणे येणार असतील तर शोकेसला कुलूप लावा. चला, वेळ झाली, आता बातम्या.