डब्यावरची किल्ली

नमस्कार श्रोतेहो. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे सांगितलं की निम्मे लोक विचारतात, "म्हणजे नोकऱ्या लावून देता का?" नाही हो. यातला व्यवसाय म्हणजे सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत माणूस जे जे करतो ते सगळं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी या विद्येची शाळा काढली, आशियातली पहिली. तरी घोटाळा काही मिटलेला नाही.

आमच्याकडे लहान मुलं पुष्कळ येतात, मोठी माणसं क्वचित. ऑटिझम, म्हणजे माणसांत मिसळणं, बोलणं, भवताल जाणवणं जन्मापासूनच वेगळं असणं; एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं. लोकांना वाटतं, हे जणू दुधाचे दात, वयानुसार पडून जातील! पुष्कळांच्या बाबतीत तसं होत नाही.

तिशीतला एक मुलगा, एडीएचडी असलेला. कामात हुशार, पण रोज जिना उतरायचा आणि परत चढायचा. कधी किल्ली राहिली, कधी डबा, कधी ऑफिसचं ओळखपत्र. घरात शिक्का बसलेला: बेफिकीर. मी एकदा सकाळी सातला त्याच्या घरी जाऊन नुसती बघत बसले. मोबाइलवर सहा अलार्म. सहाही झोपेत असल्यासारखे बंद करत होता. डबा मात्र रात्रीच भरून फ्रिजमध्ये ठेवलेला. म्हटलं, गाडीची किल्ली त्या डब्यावरच ठेव, ओळखपत्र तिलाच अडकव. किल्लीशिवाय गाडी निघत नाही, म्हणजे फ्रिज उघडावाच लागेल. आई कळवळली, "अगंबाई, फ्रिजमध्ये किल्ली! पाहुण्यांनी पाहिलं तर?"

दुसरी एक बाई, ऑटिझम असलेली. स्टीलवर स्टील आपटलं की तिच्या अंगभर शिरशिरी यायची. सासूबाईंच्या मते कामचुकार. वास्तविक आवाज, उजेड, स्पर्श फार किंवा फार कमी जाणवणं हे २०१३च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकापासून, ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत आहे. आम्ही सिंकच्या तळाशी जुना टॉवेल अंथरला. कुकर नवऱ्याकडे गेला, चिराचिरी हिच्याकडे. इंटरनेटवर मिळणारी जड पांघरुणंही काहींना मानवतात. हिला गुदमरायला झालं, परत केलं. एकाचा उपाय दुसऱ्याला जशाच्या तसा चालत नाही, म्हणून तर घरी जाऊन बघावं लागतं.

नोकरीतही तेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे, एडीएचडीची वेगळी नोंद नाही. मला हे खटकतं. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यावी, असं तो कायदा सांगतो. पण सोय म्हणजे नेमकं काय मागायचं? दारापासून लांबची खुर्ची, तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी किंवा ईमेल. बहुतेकदा एवढंच असतं.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर फाइल आणाच, पण दिवसातलं कुठलं काम कुठे अडतं तेही लिहून आणा. "चिडचिड होते" एवढ्यावरून मला काही कळत नाही. "आंघोळीला जायचं असतं आणि तासभर पलंगावरून उठवत नाही" असं लिहा.

तो मुलगा मधे भेटला होता. किल्ली अजून फ्रिजमध्येच असते. आणि आईने आपल्या बीपीच्या गोळ्या चहापत्तीच्या डब्यावर ठेवायला सुरुवात केलीय.