मागची काच उलटी का? कुरूप म्हणून हिणवलेल्या जुन्या गाड्यांविषयी

[पडद्यावर: आमी ६ चे मागच्या कोपऱ्यातून घेतलेले छायाचित्र]

नमस्कार. या गाडीची मागची काच नीट पाहा. एरवी मोटारीची मागची काच छपरापासून खाली येताना बाहेरच्या बाजूला उतरत जाते. हिची काच मात्र उलट आत, सीटच्या दिशेने शिरली आहे आणि छप्पर तिच्यावर वळचणीसारखे पुढे आले आहे. समोरून पाहिले तर बॉनेट दोन दिव्यांच्या मधोमध असे खचलेले दिसते, की कोणीतरी त्यावर बराच वेळ बसून नुकतेच उठले असावे. ही सित्रोएन या फ्रेंच कंपनीची १९६१ ची आमी ६.

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये हिचे नाव निघाले की लगेच दोन तट पडतात. एकाला ती पाहताच हसू फुटते, तर दुसऱ्याची नजर तिच्यावरून हलत नाही. आणि गंमत अशी की दोघेही बोट दाखवतात ते त्याच काचेकडे.

घडवणाऱ्याचा हात कच्चा होता, असे म्हणण्याची सोय येथे नाही. ज्या फ्लामिनिओ बेर्तोनी यांनी आमीला रूप दिले, त्यांनीच १९५५ च्या सित्रोएन डीएसलाही रूप दिले होते. पॅरिसच्या प्रदर्शनात डीएससाठी पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या नोंदवल्या गेल्या आणि देखण्या मोटारींची यादी आजही तिच्यावाचून पुरी होत नाही. बेर्तोनी शिल्पकार होते. डोळा आणि हात दोन्ही तयार असलेला हा माणूस सहा वर्षांनी अशी काच का बसवतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर गाडीच्या आत बसल्यावर मिळते. कंपनीला आपल्याच टू सीव्ही या आधीच्या गाडीच्या साध्या सांगाड्यावर, ६०२ सीसीच्या इंजिनासह, चार मीटरांच्या आत बसणारी आणि तरीही वेगळी डिकी असलेली गाडी हवी होती. एवढ्या लांबीत छप्पर मागे उतरते ठेवले तर मागे बसणाऱ्याचे डोके छताला लागते, आणि डोक्यासाठी छप्पर लांबवून काच नेहमीच्या उताराने खाली आणली तर डिकीच्या झाकणाला जागाच उरत नाही. काच उलटी झुकवली की छप्पर डोक्याच्या मागेपर्यंत जाते, काचेचा पाया पुढे सरकतो आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत झाकण ऐसपैस उघडते. फोर्डच्या अँग्लियामध्येही १९५९ पासून अशीच काच होती.

माझ्या मते भांडणाचे मूळ येथे आहे. एक माणूस गाडीकडे चेहरा म्हणून पाहतो: दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. दुसरा तिच्याकडे सोडवलेले कोडे म्हणून पाहतो. चेहरा पाहणाऱ्याला कितीही कारणे सांगितली तरी त्याचा डोळा बदलत नाही, आणि तो बदलावा असा आग्रह धरणेही बरोबर नाही.

[पडद्यावर: १९९८ ची मल्टिप्ला, समोरून]

फियाट मल्टिप्लाचेच घ्या. तीही आता पंचवीस वर्षांहून जुनी झाली. समोरच्या काचेच्या बुडाशी, बॉनेटच्या वर, पत्र्याची एक आडवी वळी आहे आणि तिच्यात आणखी दोन छोटे दिवे बसवले आहेत, त्यामुळे एका गाडीच्या नाकावर दुसरीचे कपाळ ठेवल्यासारखे वाटते. आत मात्र तीन-तीनच्या दोन रांगांत सहा माणसे बसतात आणि लांबी चार मीटरांच्या आतच राहते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९९ मध्ये ती प्रदर्शनात मांडली होती. २००४ मध्ये कंपनीने तिचा चेहरा चारचौघींसारखा करून टाकला. त्यानंतर कोणी तिला हसले नाही, पण कोणी मान वळवूनही पाहिले नाही.

आता कारण असले की सगळे माफ, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये, कारण मध्ये एडसेल आडवी येते. फोर्डने सप्टेंबर १९५७ मध्ये मोठा गाजावाजा करून ती बाजारात आणली. बाकीच्या अमेरिकी गाड्यांच्या जाळ्या आडव्या असताना हिची उभी असावी, म्हणजे ती दुरूनही ओळखू येईल, असा तिचे रूप घडवणाऱ्या रॉय ब्राऊन यांचा बेत होता. सुरुवातीच्या रेखाटनात ती उभी फट नाजूक होती. पुढे इंजिनाला थंड ठेवण्यापुरती हवा मिळावी म्हणून ती रुंद करण्यात आली आणि शेवटी घोड्याच्या गळ्यात घालतात त्या जाड गादीच्या कड्यासारखी दिसू लागली. लिंबू चोखणारे तोंड, अशीही तिची टिंगल झाली. नोव्हेंबर १९५९ मध्ये एडसेल बंद पडली. तिच्या अपयशात मंदीचा आणि फसलेल्या किमतींचाही वाटा होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती जाळीच. म्हणजे कारण हिलाही होते. फरक इतकाच की आमीचे कारण चित्र काढण्याआधी ठरले होते, तर एडसेलचे चित्र काढून झाल्यावर मध्ये घुसले. मला ती जाळी आजही आवडत नाही. तरीही तिचे चाहते आज तिच्यावर जीव टाकतात ते याच जाळीसाठी, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नाही.

एएमसी या अमेरिकी कंपनीच्या पेसरचा उल्लेख केवळ गंमत म्हणून करतो. १९७५ च्या या काचेच्या बरणीसारख्या गाडीचा उजवा दरवाजा डाव्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटरने लांब होता, जेणेकरून मागच्यांना अमेरिकेत उजवीकडे येणाऱ्या पदपथाच्या बाजूने सहज उतरता यावे. ब्रिटनसाठी स्टिअरिंग उजवीकडे नेले, पण दरवाजे तसेच राहिले; लांब दरवाजा वाहत्या रस्त्याकडे उघडू लागला.

[पडद्यावर: क्रायस्लर एअरफ्लो, १९३४]

सवयीचा भागही मोठा आहे. क्रायस्लरची एअरफ्लो वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन आकारली होती. तिच्या मागच्या सीट मागील आसाच्या डोक्यावर न ठेवता पुढे घेतल्या होत्या, त्यामुळे धक्के कमी बसत. ग्राहकांना मात्र तिचे गोल, खाली ओघळणारे नाक रुचले नाही. पुढच्याच वर्षी कंपनीने नाकाला सवयीचे टोक दिले, तरी १९३७ नंतर ती टिकली नाही. काही वर्षांतच बहुतेक कंपन्यांच्या गाड्या गोलाकार झाल्या आणि त्यांना कोणी विद्रूप म्हटले नाही.

पुन्हा आमीकडे येतो, कारण तिच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या आवडीच्या विरुद्ध जाते आणि ती लपवणे बरे नाही. १९६६ मध्ये आमी ६ फ्रान्समध्ये सर्वाधिक विकली जाणारी गाडी ठरली, हे तिचे चाहते अभिमानाने सांगतात. पण १९६४ मध्ये तिची स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर मागच्या टोकापर्यंत नेलेली गाडी, आली होती आणि एकूण विक्रीत वॅगनच पुढे राहिली. वॅगनला समोर तेच खचलेले बॉनेट होते, मागे मात्र साधा, सरळ दरवाजा होता. १९६९ मध्ये आमी ८ आली, तेव्हा सलूनची, म्हणजे वॅगन नसलेल्या नेहमीच्या गाडीची, काचही इतर गाड्यांसारखी बाहेर उतरू लागली. लोकांनी तो चेहरा चालवून घेतला. उलटी काच मात्र बहुतेकांनी दुकानातच सोडली. मला निवड करायची झाली तर मी ती काच असलेलीच घेईन.