नाकातल्या पेशी, पाठीतली जखम

पोलंडमधलं व्रोत्स्वाफ शहर. साल 2012. ऑपरेशन टेबलावर आहेत अग्निशमन दलात काम केलेले दारेक फिदिका. दोन वर्षांपूर्वी चाकूहल्ल्यात त्यांच्या पाठीवर वार झाले, मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण तुटला. महिनोन्‌महिने कसून व्यायाम करूनही पाय हलेनात.

हाताचा कापलेला चेतातंतू नीट जोडला, तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मज्जारज्जूतले तंतू मात्र अडतात. जखमेवर घट्ट व्रण धरतो आणि तंतूंच्या आवरणातली काही प्रथिनंच वाढ रोखतात.

नाकात वेगळंच घडतं. वासाचे चेतातंतू आयुष्यभर झडतात, नवे येतात आणि थेट मेंदूत शिरतात. त्यांना वाट करून देणाऱ्या पेशींवर लंडनचे शास्त्रज्ञ जेफ्री रेझमन यांनी अनेक दशकं काम केलं. किती चिकाटी लागली असेल!

डॉक्टर पावेल ताबाकोव्ह यांच्या चमूने फिदिकांच्या मेंदूतला एक घ्राणकंद (वासाचे तंतू जिथे पोहोचतात तो भाग) काढला, त्यातल्या याच पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि अतिशय बारीक सुईने तुटलेल्या जागेच्या वर-खाली टोचल्या. मधे 8 मिलिमीटरची फट होती. घोट्याजवळच्या चेतातंतूच्या चार पट्ट्या तिच्यात पुलासारख्या बसवल्या. सगळं त्यांच्याच शरीरातलं, त्यामुळे शरीर ते नाकारेल ही भीती नव्हती.

त्यानंतर पुन्हा व्यायाम. रोज पाच तास, आठवड्यातून पाच दिवस. तीनेक महिन्यांनी डावी मांडी भरू लागली. सहा महिन्यांनी, पायांना ब्रेसेस लावून, समांतर दांड्या धरून, फिजिओथेरपिस्टच्या आधाराने त्यांनी पहिली पावलं टाकली. लघवीची जाणीवही काही प्रमाणात परतली. बातम्यांत चालण्याचाच गाजावाजा झाला, पण पाठीच्या दुखापतीसह जगणाऱ्या कुणालाही विचारा, ही जाणीव किती मोलाची असते!

तरीही हा एकाच माणसाचा अनुभव आहे. शिवाय चाकूने मज्जारज्जू सरळ कापला जातो. रस्ते अपघातात किंवा उंचावरून पडल्यावर तो बहुतेकदा चेचला जातो. त्यामुळे या ऑपरेशनचा दाखला देऊन कुणी पैसे घेऊन हमखास बरं करण्याचं आश्वासन देत असेल, तर विश्वास ठेवू नका.

हा परिणाम पुन्हा मिळतो का, हे पाहण्यासाठी ताबाकोव्ह यांच्या चमूने 2016 मध्ये जगभरातून आणखी दोन रुग्णांचा शोध सुरू केला. अट एकच अवघड: मज्जारज्जू असाच सरळ कापला गेलेला हवा.