जाणवणारा चेहरा आणि दिसणारा चेहरा

चित्रफितीतली ही तरुणी एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारते आहे. ओठ आवळलेले, नजर टेबलाच्या कडेवर, आणि बोटांचा कंप दिसू नये म्हणून पेला दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. असा चेहरा पाहून लोक 'शिष्ट आहे', 'माणूसघाणी आहे' असे ठरवून मोकळे होतात. हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण यामागे सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर वावरताना वाटणारी तीव्र भीती, असू शकते.

चेहऱ्यांची ही जुनी छायाचित्रे द्यूशेन या फ्रेंच वैद्याच्या १८६२ सालच्या ग्रंथातील आहेत. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चेतवून त्यांनी दाखवले की, ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू इच्छेने हलवता येतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनापासूनच्या आनंदातच साथ देतो, असे त्यांचे मत होते. आपला चेहरा कसा दिसत असेल याच काळजीत गुंतलेल्या माणसाचे हसू म्हणूनच अनेकदा ओठांपाशी थांबते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सोशल अँग्झायटीची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हीच काळजी आहे. छातीतली धडधड आणि गालांवरची ऊब यांवरून माणूस स्वतःचे एक चित्र रंगवतो आणि समोरच्यालाही तेच दिसते आहे असे धरून चालतो. मग तो नजर टाळतो, प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच बोलतो. आणि स्वतःला वाचवण्याच्या याच धडपडीमुळे तो समोरच्याला तुटक वाटतो.

उपचाराच्या या खोलीत दोन संभाषणे चित्रित झाली. पहिल्यात त्या तरुणीने नेहमीप्रमाणे स्वतःवर पहारा ठेवला. दुसऱ्यात पेला बाजूला ठेवून लक्ष समोरच्या व्यक्तीच्या बोलण्याकडे दिले. चित्रफीत पाहण्यापूर्वी तिला आपण किती लाल झालो असू, किती थरथरलो असू, याचा अंदाज शंभरपैकी आकड्यात लिहायला सांगितले जाते. त्यानंतर, पडद्यावरची मुलगी परकी आहे असे समजून, त्या वेळी काय वाटत होते ते बाजूला ठेवून, केवळ जे दिसते तेच टिपायचे असते. हे पाहणे घाईने उरकण्याजोगे नाही. म्हणून समुपदेशक चित्रफीत मध्येच थांबवतात, मागे नेतात आणि तिचे आधीचे आकडे पुन्हा समोर ठेवतात.

आता ती वर्गातल्या मुलींबरोबर डबा खाते.

ही मदत मोठ्या शहरांपुरती राहता कामा नये. पहिली विचारपूस करण्यासाठी 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.