वाई : जागा देणे आहे

(दृश्य : पहाटेचा गणपती घाट. पायऱ्यांवर धुणे आपटण्याचा आवाज. कॅमेरा घाटावरून हळूहळू आळीत शिरतो.)

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे तालुक्याचे गाव आहे. पुण्याहून निघालेला माणूस महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडतो, सुरूर फाट्यावर उजवीकडे वळतो, आणि पांडवगड दिसू लागला की सामान आवरायला घेतो. गाव जुने आहे, नदीचे घाट प्रसिद्ध आहेत, सिनेमावाल्यांना तर ते फारच आवडतात. या चित्रफितीत मात्र घाट केवळ वाटेत लागणार आहेत, कारण आम्ही आलो आहोत ते भिंती वाचायला. वाईत आज कोणकोणती घरे विकायला आणि भाड्याने द्यायला निघाली आहेत, ती कोणाकरता निघाली आहेत, आणि गावातला माणूस त्या जाहिरातींकडे कसा पाहतो, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

(दृश्य : किराणा दुकानाच्या फळीवर चिकटवलेला वहीचा कागद. जवळून.)

आळीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या फळीवर एकरेघी वहीतला एक कागद भाताच्या शिताने चिकटवलेला आहे. त्यावर निळ्या शाईत लिहिले आहे : ‘जागा भाड्याने देणे आहे. दोन खोल्या, माडीवर. नळ स्वतंत्र. कुटुंबास प्राधान्य. चौकशी दुकानात करावी.’ क्षेत्रफळ नाही, भाडे नाही, मालकाचे नाव नाही आणि फोन नंबरही नाही. ज्याला जागा हवी आहे तो दुकानात येईल, दुकानदार त्याला दोन प्रश्न विचारील, आणि त्या उत्तरांवरून मालकाचे घर दाखवायचे की ‘कालच गेली हो जागा’ असे सांगायचे हे तो ठरवील. त्यामुळे या कागदात जे लिहिलेले नाही ते विसरून राहिलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

(दृश्य : पाचगणीकडे जाणारा रस्ता. विजेच्या खांबाला बांधलेला मोठा फलक, कडा उसवलेल्या.)

आता दुसरी जाहिरात पाहू. पसरणी घाटाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या खांबाला एक फ्लेक्स बांधला आहे. ‘निसर्गाच्या कुशीत तुमचे हक्काचे दुसरे घर. वन आणि टू बीएचके. घाटाचा व्ह्यू. पाचगणी अवघ्या पंधरा मिनिटांवर. शेवटचे काही फ्लॅट शिल्लक.’ मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी ज्यांनी हा घाट चढला आहे, त्यांना ती पंधरा मिनिटे वाचून हसू येईल. पण हा फलक त्यांच्यासाठी नाहीच. त्यातला ‘दुसरे घर’ हा शब्दच सांगतो की वाचणाऱ्याचे पहिले घर पुण्यात किंवा मुंबईत असणार. वाईत ज्यांचे एकच घर आहे आणि तेही तीन भावांत वाटायचे आहे, ते या फलकाखाली सावली बघून दुचाकी लावतात.

हे दुसरे घर घाटाच्या खाली का उतरले, याला एक कारण आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि वरच्या बाजूच्या बांधकामांवर निर्बंध आले. थंड हवेची हौस काही कमी झाली नाही. वर जागा मिळेना तशी ती पायथ्याशी जागा शोधू लागली. पायथ्याशी वाई होती, नदी होती, आणि रस्त्याकडेला हळदीची व उसाची रानेही होती.

(दृश्य : एसटी स्थानकाजवळची चहाची टपरी. एक मध्यस्थ जाड डायरी उघडतो. शेजारी मोबाइल सतत वाजतो आहे.)

गावातल्या जमीन-घरांचा व्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थाला इथे ‘एजंट’ म्हणतात. ‘दलाल’ हा शब्द त्याच्या पाठीमागे वापरायचा. आमच्या एजंटांचा दिवस सकाळी आठला टपरीवर सुरू होतो. पूर्वी कोणती जागा निघाली ही बातमी न्हाव्याच्या दुकानात आणि तलाठी कार्यालयाच्या बाकावर फिरायची, आता ती मोबाइलवरच्या गटांत फिरते. रोज सकाळी ‘नवीन लिस्टिंग’ या मथळ्याखाली दहा-पंधरा ओळी येतात, आणि त्यांची भाषा ठरलेली असते : एनए (बिगरशेती) प्लॉट, क्लिअर टायटल, रोडटच, कॉर्नर, पूर्वाभिमुख, भाव समक्ष. हा ‘भाव समक्ष’ म्हणजे समोरच्याची गाडी आणि पायातली चप्पल पाहून ठरणारा भाव, असे आम्हांला टपरीवाल्याने समजावले. एजंटांनी ते नाकारले नाही. त्यांनी चहाचे पैसे दिले.

त्यांच्या डायरीतली मापे जुनी आहेत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमिनीचा एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. पुण्याचा ग्राहक फोनवर ‘स्क्वेअर फुटाला किती’ असे विचारतो आणि रानाचा मालक ‘गुंठ्याला इतके’ असे सांगतो, तेव्हा मधल्या मधे आकडेमोड करण्याचे काम एजंटांकडे येते. दुसरे काम अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, ही अट १९४८ च्या कुळकायद्यापासून आहे. ‘फार्महाऊससाठी छोटा तुकडा बघा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘तुमच्या नावावर सातबारा आहे का?’ असे विचारावे लागते, आणि पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो.

(दृश्य : नवीन इमारत. तळमजल्यावर वाहनतळ, वर चार मजले. वाळूच्या ढिगावर खेळणारी मुले.)

गावाबाहेरच्या नव्या वस्तीत अशा इमारती बऱ्याच दिसतात : चार मजले, मजल्यावर दोन सदनिका, एकूण आठ. हा आठाचा आकडा पाहून थोडे थांबायला हवे. स्थावर संपदा कायद्याची यंत्रणा, म्हणजे महारेरा, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाली. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या शहरातला ग्राहक जाहिरातीवरचा नोंदणी क्रमांक पाहतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही पाहतो. छोट्या गावातल्या छोट्या इमारतीच्या जाहिरातीवर हे दोन्ही नसले तर ती फसवणूकच असते असे नाही. पण मग ग्राहकाने कागद स्वतः वाचायचे असतात, आणि ते वाचायला कोणालाच आवडत नाही. इथे लोक कागदाऐवजी माणूस वाचतात. बांधणारा कोणाचा कोण, त्याने आधीची इमारत वेळेत दिली का, त्याच्या गच्चीला पहिल्या पावसात ओल आली का, हे तीन प्रश्न सासुरवाडीकडून किंवा बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून तपासले जातात. ही पद्धत वाईट नाही. मात्र बाहेरून आलेल्याला ती उपलब्ध नसते.

(दृश्य : जुना वाडा. दिंडी दरवाजा, आत मोडकळीला आलेले सोपे, म्हणजे ओसऱ्या, अंगणात तुळस.)

एजंटांच्या डायरीत एका पानावर फक्त ‘वाडा’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. पेशवाईत वाई भरभराटीला आली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई इथल्या रास्ते घराण्यातल्या, आणि ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. त्या वैभवाच्या आसपास ज्यांनी वाडे उभारले त्यांच्या पुढच्या पिढ्या आता जगभर पांगल्या आहेत, आणि वाडा मात्र जागेवर आहे. अशा वाड्याची जाहिरात कधी भिंतीवर लागत नाही.

आम्हांला अशाच एका वाड्याची मिळकत पत्रिका पाहायला मिळाली. कागद घडी घातलेला, घडीवर फाटलेला आणि मागून चिकटपट्टी लावलेला. धारकांच्या रकान्यात आधी एक नाव होते. ते कंसात जाऊन, म्हणजे रद्द होऊन, त्याखाली चार वारस आले. त्यांतले दोन कंसात गेले आणि त्यांच्या जागी सात आले. शेवटच्या नोंदीपर्यंत नावांची संख्या सतरावर पोहोचली होती, आणि त्यांपैकी वाईत राहणाऱ्या फक्त एक वृद्ध बाई होत्या. बाकीच्यांचे हक्कसोडपत्र मिळवायचे म्हणजे पुणे, इंदूर, बडोदा आणि अमेरिका एवढ्या ठिकाणी पत्रव्यवहार करायचा. कोणी सही करायला तयार असतो पण येऊ शकत नाही, कोणी येतो पण सही करत नाही. मागच्या सोप्यात दोन पिढ्या राहणारे भाडेकरू वेगळेच. ‘विकायचा की नाही ते सतरा जणांनी ठरवावे,’ त्या बाई आम्हांला म्हणाल्या, ‘पावसाळ्यात कौले फिरवायची मात्र मी एकटीने.’

(दृश्य : ढोल्या गणपती मंदिराची नदीकडची मागील भिंत. पाण्याच्या खुणा.)

आता गावातला माणूस घर पाहायला गेला की काय विचारतो ते ऐकू. पहिला प्रश्न असतो : ‘पाणी कुठवर आले होते?’ नळाचे पाणी नव्हे, नदीचे. कृष्णा इथून फार लांब उगम पावत नाही, वर धोम धरण आहे, आणि धरणातून पाणी सोडले की घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. मंदिर बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, की पुराचे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी जावे. आजच्या कागदोपत्री याच शहाणपणाला पूररेषा म्हणतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे लागते. ‘रिव्हर व्ह्यू’ असे ज्या जाहिरातीत लिहिले आहे, तिथे ही रेषा कोठून जाते हे विचारणारा ग्राहक एजंटांना फारसा भेटत नाही. म्हातारी माणसे मात्र भिंतीवर हात ठेवून सांगतात, ‘इथवर.’

दुसरा प्रश्न नळाच्या पाण्याचा आणि तिसरा आळीचा. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, भीमकुंड : ही नावे पत्त्यात असतात, पण त्यांचे खरे काम थंडी सरता सरता कळते. तेव्हा एकेका घाटावर कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव आळीआळीने होत जातो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, म्हणजे १६५९ साली, बोललेल्या नवसातून तो सुरू झाला अशी इथली परंपरा सांगते. कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात, आणि त्याआधी घरोघर वर्गणी गोळा केली जाते. एका भाड्याच्या खोलीच्या दारामागे आम्हांला मागच्या वर्षीची वर्गणीची पावती खिळ्याला टोचलेली दिसली. पावतीवर घरमालकाचे नव्हे, भाडेकरूचे नाव होते. ते कुटुंब येऊन आठच महिने झाले होते. भाडेकरार नोंदवला आहे का, असे आम्ही विचारले. कायद्याने तो लेखी आणि नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. इथे मात्र ‘अकरा महिन्यांचा करू की, गडबड काय आहे’ असे म्हणण्यातच अकरा महिने निघून जातात.

(दृश्य : गंगापुरीतील रस्ता. विश्वकोश कार्यालयाची पाटी.)

भाड्याने राहायला येणाऱ्यांची या गावाला सवय आहे. संस्कृत शास्त्रे शिकवणारी प्राज्ञपाठशाळा १९१६ साली सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी विनोबा इथे शिकायला येऊन राहिले. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे, त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न होता वाईत झाले, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि औद्योगिक वसाहतीत कामाला असलेले तरुण खोल्या शोधत असतात. त्यांच्यासाठी फ्लेक्स लागत नाहीत, कारण त्यांच्याकडून टक्केवारी सुटत नाही. भाड्याच्या जागेवर एजंटाला जास्तीत जास्त महिन्याचे भाडे मिळते, आणि ते मागायलाही त्याला कधी कधी लाज वाटते.

(दृश्य : संध्याकाळ. पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांची रांग. मग कॅमेरा पुन्हा आळीत.)

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्या फ्लेक्सखाली अडकतात, आणि आतली माणसे नाइलाजाने तो पूर्ण वाचतात. एजंट म्हणतात की त्यांना येणारे निम्मे फोन याच वेळी येतात. त्या फलकावरचे ‘शेवटचे काही फ्लॅट’ तीन पावसाळे पाहून फिकट झाले आहेत, तरी फोन नंबर अजून स्पष्ट आहे. तो दर दिवाळीला नव्याने रंगवला जातो.

आळीच्या तोंडाशी दुकानदार फळ्या लावू लागला आहे. दुपारी एक नवरा-बायको लहान मुलीला घेऊन चौकशीला आली होती. त्यांनी माडीचा जिना चढून पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि खाली येऊन अर्धा किलो साखर घेतली. दुकानदाराने फळीवरचा वहीचा कागद काढला नाही. कानावरचा पेन काढून त्याने त्यावर आडवे लिहिले : ‘दिली.’