काठावरचा रस्ता आत सरकवण्याआधी

(दृश्य: पहाट. जुन्या धक्क्याला लागून जाणारा चौपदरी रस्ता.)

जुन्या बंदराच्या काठाने जाणारा रस्ता मालाच्या ने-आणीसाठी बांधलेला असतो. जहाजं खोल पाण्याच्या नव्या बंदराकडे जातात, गोदामं ओस पडतात आणि तिथे घरं, कार्यालयं, फिरण्याचा काठ करायचं ठरतं. मग माणसं आणि पाणी यांच्या मधोमध हाच रस्ता आडवा येतो आणि तो आत सरकवायची कल्पना पुढे येते. नकाशावर नवी रेघ ओढायला पाच मिनिटं पुरतात. पण ती रेघ कुठे ओढायची, हे अभ्यासाने ठरायला हवं.

पहिला प्रश्न: आज इथून जाणाऱ्या गाड्यांना नेमकं कुठे जायचं असतं? रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कॅमेरे लावून नंबरप्लेट जुळवल्या जातात. एका टोकाला दिसलेली गाडी नेहमीच्या प्रवासवेळेत दुसऱ्या टोकाला दिसली, तर ती नुसती पार जाणारी. ही वेळमर्यादा सैल ठेवली, की वाटेत वीस मिनिटं थांबून माल उतरवलेली व्हॅनही त्याच खात्यात पडते आणि निष्कर्ष फसतो. पार जाणाऱ्या गाड्या दूरच्या रस्त्याने वळवता येतात. काठावरच काम असलेल्या गाड्यांना कितीही लांब नेलं, तरी त्या गल्लीबोळांतून परत काठाकडेच येतात.

(दृश्य: डांबरावर आडव्या ताणलेल्या दोन काळ्या रबरी नळ्या. एक चाक त्यांच्यावरून जातं.)

चाकाच्या दाबाने नळीतली हवा ढकलली जाते आणि कडेच्या पेटीत नोंद होते. दोन नळ्यांमधलं अंतर माहीत असतं, त्यावरून वेग कळतो, आणि आसांमधल्या अंतरावरून मोटार की ट्रक हेही. मात्र सिग्नलजवळ रांगेत सरपटणाऱ्या गाड्या ही यंत्रणा चुकीच्या मोजते. म्हणून नळ्या चौकापासून लांब टाकाव्यात आणि सलग सात दिवस ठेवाव्यात.

याहून मोठी चूक चौकात होते. कोंडीत मोजलेला आकडा सुटलेल्या गाड्यांचा असतो, अडकलेल्या गाड्या त्यात येतच नाहीत. दर पंधरा मिनिटांच्या वळणवार गणनेसोबत (किती गाड्या डावीकडे, उजवीकडे, सरळ गेल्या) रांगेची लांबीही नोंदवा; नाहीतर सर्वांत कोंडलेला चौक कागदावर निवांत दिसतो. मोजणी सुट्टीच्या संध्याकाळीही हवी. पुनर्विकासानंतर काठावरची गर्दी बहुतेकदा तेव्हाच उसळते.

नव्या इमारतींमुळे वाढणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांतून जुन्या वापराच्या फेऱ्या वजा केल्या जातात. गोदाम आज चालू असेल तरच ही वजाबाकी रास्त. अनेक वर्षं बंद असलेल्या गोदामाचे ट्रक वजा करणं म्हणजे नसलेली जागा रिकामी केल्याचा हिशेब. शिवाय हिशेब टप्प्याटप्प्याने करावा, कारण पहिल्या इमारतीत लोक राहायला येतात तेव्हा नवा रस्ता अर्धवट असतो आणि बांधकामाचे ट्रक जोरात असतात.

सरकवलेला रस्ता जिथे जुन्या रस्त्याला मिळतो, तिथेच बहुधा फसतो. एका लेनमधून सलग हिरवा दिवा असेल तर तासाला साधारण १८०० मोटारी सुटतात. सिग्नलच्या ९० सेकंदांच्या फेरीत वळणाला ३० सेकंद हिरवा मिळाला, तर ६००. वळणाऱ्या गाड्या ताशी ४८० असतील, तर फेरीमागे सरासरी १२. पण गाड्या सरासरीने येत नाहीत. एखाद्या फेरीत १८ येतात. गाडीमागे ७ मीटर धरले, तर १२६ मीटरची वळण-लेन लागते. ६० मीटरच मिळाली, की रांगेचं शेपूट सरळ जाणाऱ्या लेनमध्ये घुसतं आणि मागचा चौकही तुंबतो.

(दृश्य: चाचणी खड्डा. मातीतून बाहेर डोकावणारी गंजलेली लोखंडी सळई.)

ही सळई धक्क्याच्या भिंतीला मागे धरून ठेवते आणि जमिनीत आत खोलवर नांगरलेली असते. जुन्या नकाशात ती नसूही शकते. मलवाहिनीसाठी चर खणताना अशी सळई तुटली, तर भिंत पाण्याकडे झुकू शकते. रस्त्याची आखणी पक्की होण्याआधी असे खड्डे हवेतच. भरावाच्या जमिनीत बोअरही घ्यावेत, कारण असा भराव नव्या वजनाखाली असमान खचतो. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांची तोंडं भरतीच्या पातळीखाली असतील, तर तिथे एकदिशा झडपा लागतात आणि भरती उतरेपर्यंत पाणी साठवायला जागाही.

काही वेळा पर्यायी रस्ता लहान ठेवूनही भागतं. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये जानेवारी २०१९ मध्ये काठावरचा उन्नत मार्ग बंद झाला आणि त्याच्याऐवजीचा बोगदा साधारण तीन आठवड्यांनी खुला झाला. मधल्या काळात शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. अनेकांनी प्रवासाच्या वेळा आणि साधनं बदलली. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये १९७४ मध्ये हार्बर ड्राइव्ह हा नदीकाठचा रस्ता बंद झाला, आज तिथे उद्यान आहे. पण दोन्ही ठिकाणी गाड्यांना दुसऱ्या वाटा होत्या.

आपल्याकडे तशा वाटा आहेत का, हे पाहायला जुना रस्ता काही आठवडे अडथळे लावून बंद ठेवता येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे बाजूला ठेवा. लोक अजून वाट शोधत असतात. नंतर समांतर गल्ल्यांत त्याच रबरी नळ्या टाका आणि रुग्णवाहिका व बस यांच्या वेळा रोज लिहून काढा.