दाराची कडी

मंडळी, मला दिलेला विषय आहे 'आपल्या माणसांसाठी वेळ काढा'. 'वेळ काढणं' याला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, कामाच्या धबडग्यातून सवड काढणं. दुसरा, 'कसातरी वेळ काढला' म्हणतो तो. म्हणजे काही विशेष न करता बसून राहणं. आयोजकांच्या मनात पहिला अर्थ असणार. मी दुसऱ्याच्या बाजूने बोलणार आहे.

माझे वडील रात्री दाराची कडी दोनदा बघायचे. एकदा लावायचे, अंथरुणावर जाऊन पडायचे आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा उठायचे. स्लिपरांची फटफट, कडी जरा वर करून खाली बसवल्याचा आवाज, मग दिव्याचं बटण. आम्ही भावंडं हसायचो. बहीण म्हणायची, "बाबा, चोर वाट बघून कंटाळून गेला असेल, झोपा आता."

त्या घरात मी 20 वर्षं राहिलो. म्हणजे हा आवाज 7000 रात्री तरी ऐकला असेन. वडील गेल्यावर एकदा ठरवून बसलो, की यातली एखादी रात्र आठवून बघू. कुठलीही एक. त्या दिवशी काय झालं होतं, ते काय बोलले होते? एकही आठवली नाही. 7000 रात्रींचा मिळून एक आवाज उरलाय.

यात माझा काही गुन्हा नाही, हे नंतर वाचून कळलं. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 सालीच लिहून ठेवलंय, की वय वाढतं तशी वर्षं आखूड वाटू लागतात, कारण रोजचं आयुष्य सवयीचं होतं आणि सवयीच्या गोष्टींची वेगळी नोंद मनात राहत नाही. प्रवास आठवतात, समारंभ आठवतात, भांडणं तर तारीखवार आठवतात. पण माणूस गेल्यावर आपण समारंभांसाठी रडत नाही. रडतो ते स्लिपरांच्या आवाजासाठी. जे सगळ्यात जास्त हवं असतं, नेमकं तेच मेंदूने किरकोळ समजून टाकून दिलेलं असतं.

मग म्हणाल, फोटो काढून ठेवावेत. काढा की. पण लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 2014 सालचा एक प्रयोग ऐका. संग्रहालयात लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही वस्तू नुसत्याच बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर काम सोपवलं की डोळे सुट्टीवर जातात. मात्र ज्या वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घ्यायला लावला होता, तिची आठवण अशी पुसट झाली नाही. मला या प्रयोगातला हाच भाग जास्त आवडतो. आईला भिंतीपाशी सरळ उभं करून फोटो काढण्यापेक्षा सुईत दोरा ओवताना तिची बोटं टिपावीत.

आणि आवाज! आमच्याकडे वडिलांचे फोटो ढीगभर आहेत. आवाज सापडला तो एका लग्नाच्या व्हिडिओत, तोही चारच शब्दांचा. कॅमेऱ्यासमोर कोणीतरी आलंय आणि मागून ते म्हणतायत, "अहो, जरा बाजूला व्हा." हे चार शब्द मी किती वेळा ऐकले असतील, त्याचा हिशोब सांगत नाही.

हिशोबाचाच विषय निघालाय तर एक करू. तुम्ही आईवडिलांपासून लांब राहता. वर्षातून 4 वेळा जाता, दर वेळी 3 दिवस. वर्षाचे झाले 12 दिवस. त्यांची अजून 10 वर्षं धरली तर 120 दिवस. चार महिने. त्यातून झोप वजा करा, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असतं तो वेळ वजा करा.

सभागृह एकदम शांत झालं. थांबा, लगेच तिकीट काढू नका. हे गणित मी बहिणीला ऐकवलं होतं आणि ती पुढच्याच आठवड्यात आईकडे गेली. फोन बंद. आईच्या समोर बसून, तिचा हात हातात घेऊन, एकेक शब्द मन लावून ऐकायला लागली. आईने एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवशी रात्री मला फोन करून हळूच विचारते, "अरे, डॉक्टर काही बोललेत का माझ्याबद्दल? ही अशी का वागतेय?"

आपल्याच घरात निरोप समारंभ चाललाय असं कोणाला आवडेल?

लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयावर बरंच काम केलंय. पुढे वेळ थोडा आहे असं वाटलं की माणूस नव्या ओळखी सोडून जवळच्यांकडे वळतो. हे म्हातारपणामुळे होतं असं आपण समजतो. पण तरुणांना 'तुम्ही लवकरच दूर राहायला जाणार आहात' अशी कल्पना करायला सांगितली, तर तेही घरच्यांनाच निवडतात. उलट वयस्कांना 'औषधं निघालीत, 20 वर्षं जास्त जगाल' अशी कल्पना करायला सांगितली की घरच्यांची ओढ थोडी सैल पडते. म्हणजे आपण वाईट मुलं नसतो. आपल्याला फक्त वाटत असतं, की वेळ भरपूर आहे.

बहिणीला मी एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी तुझं ऑफिसचं काम घेऊन जा. तिने तसं केलं. ती एका कोपऱ्यात लॅपटॉपवर, आई दुसऱ्या कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग आईने उशीचा अभ्रा झटकता झटकता, वर न बघता सांगितलं, की लग्नाआधी तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि ती नेमणूकपत्र लपवून घरी आली होती. ही गोष्ट आम्हाला पन्नाशीत कळली. समोर बसून "आई, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, "माझं काय असणार?"

अशा गोष्टी ठरवून दिलेल्या तासात येत नाहीत. चप्पल घालताना येतात, दिवा घालवल्यावर अंधारात येतात. त्यासाठी आधीचे दोन रिकामे तास तिथे असावं लागतं. ते वाया गेल्यासारखेच दिसतात, आणि बरेचदा खरंच वाया जातात.

आई आता एकटी असते. मी रोज रात्री फोन करतो. बोलायला फारसं नसतंच. मग ती म्हणते, "थांब हं, कडी बघून येते," आणि फोन टेबलावर ठेवून जाते. स्लिपर ऐकू येतात. कडी वाजते. ती परत येऊन काहीबाही बोलते आणि पाच मिनिटांनी पुन्हा म्हणते, "थांब, बघून येते." बाबा होते तेव्हा ती कधीच उठत नसे.

मी फोन कानालाच धरून ठेवतो.